हा मळ्या नव्हे

इगतपुरी आली. खिडकीवरचा हात आत घ्या. मुंबईहून इथवर तुम्हाला विजेच्या इंजिनानं आणलंय. थळ घाटातले सगळे बोगदे गेले तरी सदऱ्याची कॉलर पांढरीच आहे. पण वीज इथं संपते. आता वाफेचं इंजिन जोडतायत. एक धक्का, मग दुसरा, मग लांबलचक शिट्टी, आणि पहिल्याच वळणावर कोळशाची कणी तुमच्या डोळ्यात. चोळू नका. समोरची म्हातारी पदराचं टोक पिळवटून त्याची बारीक वात करील, तुमची पापणी वर धरील आणि कणी अलगद उचलील. गाडीत हे रोजचंच आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोणी कोणाला परकं नसतं. जागाच तेवढी नसते. तुमच्या पायाशी कांद्याचं पोतं, मांडीला टेकलेली कोंबड्यांची डालगी, कानाशी कुणाचं तरी पोर रडतंय, आणि या सगळ्यावर विडीच्या धुराचं एक निळसर छत.

साल फार विचारू नका. १९३५ उलटून गेलंय, एवढं पुरे. दसरा झालाय, दिवाळी यायची आहे. ऊन कानशिलावर चापट मारल्यासारखं लागतं, पण सावलीत शिरलात की लगेच गार. ही देवळालीची हवा. तिच्यासाठी मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक गाद्या-उशांसकट इथं येऊन राहतात.

उतरा. फलाटावर गोऱ्या सोजिरांचा घोळका आहे, उन्हानं नाकं सोललेली. त्यांच्या बुटांचा आवाज, हमालांच्या आरोळ्या, चहावाल्याच्या किटलीची खणखण. जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने इथल्या छावणीत पडून राहिलेल्या शिपायांची डोकी फिरायची, म्हणून ‘देवळाली’चं ‘डूलॅली’ झालं आणि वेड लागणं या अर्थानं ते इंग्रजीत जाऊन बसलं. गावाचं नाव एखाद्या भाषेत या वाटेनं शिरावं याचं मला वाईट वाटतं. पण तुम्ही आज जे काम करायला आलाय, त्यामुळं हे नाव आणखी एका यादीत जाणार आहे, आणि तिथं त्याला वेडाचा वास नाही.

ए. जी. एल. फ्रेझर नावाचे एक गृहस्थ देवळालीच्या आसपासचे मासे गोळा करतायत. तुम्ही त्यांच्या कामाला लागलेला माणूस आहात, असं धरून चला. ते स्वतः आज इथं दिसणार नाहीत. तुमच्या हातात चार रुंद तोंडाच्या बरण्या, एक फॉर्मॅलिनची बाटली, जुन्या मलमलीच्या चिंध्या आणि शिसपेन्सिल. बाटलीचं बूच नीट दाबून धरा. टांग्यात ती कलंडली तर टांगेवाला तुम्हाला रस्त्यातच उतरवील.

टांगा बाजारातून निघतो. लिदीचा, भिजलेल्या चामड्याचा, तळलेल्या भज्यांचा आणि पावशेर-पावशेर मोजल्या जाणाऱ्या रॉकेलचा एकत्र वास. शिंप्याच्या ओट्यावर खाकी कापडाचे ढीग. धोबी लष्कराच्या चादरी बैलावर लादून नदीकडं निघालाय, त्याच्या मागोमाग चला. बंगल्यांची कुंपणं संपतात, बाभळी लागतात, आणि मग दारणेचा आवाज ऐकू येतो. वर नांदगावला धरण होऊन वीस वर्षं होत आली, तरी इथं खडकाळ जागी पाणी पळतं. काळ्या कातळाच्या पायऱ्या, त्यांत पाण्यानं गरागरा फिरवलेल्या गोट्यांनी पाडलेले रांजणखळगे, मधूनमधून पांढऱ्या फेसाच्या शेंड्या.

चपला काढा. धोतर गुडघ्याच्या वर खोचा. पहिलं पाऊल टाकताच कळेल की कातळावर शेवाळ आहे आणि ते साबणापेक्षा वाईट आहे. दुसरं पाऊल टाकायच्या आत तुम्ही कमरेपर्यंत ओले. वरच्या अंगाला कपडे आपटणाऱ्या बायका तोंडावर पदर धरून हसतात. हसू द्या. त्यांच्यातलीच एक तुम्हाला सांगते, “खडकाच्या डोक्यावर पाय देऊ नका भाऊ, खाली दोन दगडांच्या मधी द्या.” हे ऐकलंत तर दिवसभर उभे राहाल.

भोयांचा एक म्हातारा आणि त्याचा नऊ-दहा वर्षांचा नातू तुमची वाट बघत बसलेत. म्हाताऱ्याचं फेकायचं जाळं आज खांद्यावरच राहणार आहे. ते डोहात चालतं. पळत्या पाण्यातल्या बोटभर माशाला ते काय धरणार? त्यासाठी म्हातारीचं जुनेर आणलंय. फाटून फाटून मऊ झालेलं नऊवारी लुगडं. त्याचं एक टोक तुम्ही धरायचं, दुसरं म्हाताऱ्यानं, खालची कड पायाच्या अंगठ्यानं तळाशी दाबायची, आणि मग पोरगं वरून येतं. ते पाण्यात ओणवं होऊन एकेक दगड उलटवतं, हातानं खालची वाळू ढवळतं. गढूळ पाण्याचा एक लोंढा तुमच्या जुनेरात शिरतो. “उचला!”

उचललंत. पाणी झिरपून जातं आणि कापडावर उरतं ते चमचमतं, वळवळतं, उड्या मारणारं काहीतरी. दोन मुऱ्या, रेतीच्या रंगाच्या, अंगावर पट्टे. एक झिंगा. एक रागावलेला खेकडा, त्याला पोरानं तुमच्या आधी उचलला. आणि तीन-चार बारके, काळपट, जेमतेम दीड-दोन बोटांचे मासे, जे उड्या मारत नाहीत. ते कापडाला चिकटून बसलेत.

त्यांतला एक तळहातावर घ्या. ही गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे, म्हणून घाई करू नका. तोंड पुढं नाही, खाली आहे, पोटाच्या बाजूला. पोट सपाट, जणू कुणी इस्त्री फिरवली. छातीचे पर बाजूला उभे नसून पंख्यासारखे आडवे पसरलेले. आता तळहात तिरका करा. मासा घसरत नाही. आणखी तिरका करा. अजून नाही. कातडीला एक बारीक ओढ जाणवते, ओला कागद भिंतीला चिकटावा तशी. पळत्या पाण्यात राहायचं तर पोहून भागत नाही. जो पोहत राहील तो संध्याकाळपर्यंत गोदावरीला जाऊन मिळेल. इथं धरून बसावं लागतं.

“मळ्या ना?” तुम्ही विचारता. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा मळ्या तुम्हाला ठाऊक आहे. मसाला लावून तव्यावर टाकला की कडक लागतो.

म्हातारा मासा बघतसुद्धा नाही. बोटानं त्याची पाठ चाचपतो. “मळ्या न्हाई ह्यो.”

“कशावरून?”

“हाताला कळतं.”

“मग याचं नाव काय?”

“त्याला कशाला नाव? बाजारात कोण घेतंय ह्याला?”

पोरगं तोवर एक उलटवलेला दगड घेऊन येतं. दगडाच्या खालच्या अंगाला एक किडा आहे, इतका चपटा की आधी तो दगडावरचा डागच वाटतो. मग डाग चालू लागतो. शेपटाला लांब केस, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले, आणि ते सतत थरथरतायत. हे मे-माशीचं पिल्लू. इंग्रजीत तिला मे महिन्याचं नाव आहे. दारणेला त्या महिन्याशी काही देणंघेणं नाही. दगड वाकडा करा, किडाही घसरत नाही. अंग चपटं, पाय बाजूला पसरलेले, पोटाशी कल्ल्यांची झालर. एका हातात मासा, दुसऱ्या हातात किडा. दोघांचा पूर्वज शोधायला निघालात तर पृथ्वीच्या फार खोल काळात जावं लागेल, आणि तरी दोघांचं अंग एकाच घडणीचं. पाण्यानं दोघांना एकाच साच्यात दाबलंय.

हे लक्षात ठेवा. दोन दिवसांनी, हजारभर मैलांवर, याच गोष्टीवर सगळं अडणार आहे.

आता नको वाटणारं काम. सावलीत बसून फॉर्मॅलिनच्या एका भागात नऊ भाग पाणी घाला. बूच उघडताच डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं, नाकातून पाणी वाहतं, घसा आवळतो. पोरगं वीस हात लांब पळालंय. मासे बरणीत सोडलेत की ते दोन-तीनदा उसळतात आणि पर ताठ पसरून थांबतात. नजर बाजूला नेऊ नका. हे जीव तुम्ही घेतलेत. निदान चिठ्ठी तरी नीट लिहा. शाई विरघळेल, म्हणून शिसपेन्सिलीनं: दारणा नदी, देवळाली, तारीख. चिठ्ठी बरणीच्या बाहेर चिकटवायची नाही, आत माशांबरोबर टाकायची. बाहेरची चिठ्ठी झुरळं खातात आणि मग आतला मासा कुठल्याच नदीचा उरत नाही.

रात्री बंगल्याच्या व्हरांड्यात पेट्रोमॅक्स पेटते. तिची सूं-सूं सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच नदीकडून ते येतात. आधी एक, मग दहा, मग हवेत जणू तांदळाच्या कण्या उधळल्या. सकाळी दगडाखाली सरपटणारा किडा पंख लावून आलाय. काचेसारखे उभे पंख, मागं लांब शेपट्या, अंगात वजन असं नाहीच. ते तुमच्या केसांत, कॉलरीत, चहाच्या बशीत. एक तुमच्या मनगटावर उतरते आणि तिथंच कात टाकते: पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक जगात हा एवढाच. तिचं मळकट अंग मनगटावर राहतं आणि त्यातून नवी, लखलखीत मे-माशी उडून जाते. तिला खाता येत नाही. तोंड आहे पण कामाचं नाही. पाण्याखाली महिनोन्‌महिने काढले ते या एका रात्रीसाठी. भिंतीवरच्या पालींना मात्र दिवाळी लवकर आलीय. सकाळी नोकर खराट्यानं पंखांचा ढीग लोटतो आणि तो ढीग झाडण्याच्या वाऱ्यानंच परत पसरतो.

झोपण्याआधी अजून शंभर वर्षं मागं जाऊन येऊ. लांब नाही, शिरूरला. घोड नदीच्या काठी एक तंबू आहे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अंमलदार दख्खनची पाहणी करत फिरतोय: जमीन किती, विहिरी किती, जोंधळा काय भावानं. पण त्याचं मन पक्ष्यांत आणि माशांत. तंबूत उकाडा, कनातीच्या कापडाचा तापलेला वास, आणि टेबलावर ताजा मासा. तो वास घेऊन माशा घोंगावतायत. मासा वाळण्याआधी, रंग उतरण्याआधी मापं घेऊन चित्र पुरं करायचं आहे. दाराशी भोई उभा. “हे काय?” साहेब विचारतो. “मुसल्ला.” साहेब ऐकतो तसं लिहितो. इंद्रायणीत चाकणजवळ मिळालेला, कपाळावर टेंगळं असलेला तो नुक्ता. शिंगटीची ‘सींगटी’ झाली, घोगऱ्याचा ‘गोग्रा’, खुद्रीची ‘खुद्री’च राहिली आणि मळ्याचा ‘मुल्या’. लॅटिन नावांच्या शेपटीला दख्खनी भोयांचे शब्द अडकले आणि ते आजही तिथंच आहेत. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या पानांत ते छापून येतील तेव्हा तिथल्या कुणालाही त्यांचा उच्चार धड करता येणार नाही. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

पण साइक्ससमोर फळ्या थोड्या होत्या. मळ्याला ठेवायला जागा सापडेना, म्हणून त्यानं त्याला युरोपातल्या नद्यांमधल्या माशांच्या खणात टाकलं, ‘कॉन्ड्रोस्टोमा’ या प्रजातीत. पुढच्या लोकांनी त्याला तिथून उचलून ‘गारा’त आणलं: ‘गारा मुल्या’. मुसल्ल्याचं मात्र फार अवघड झालं. चित्र होतं, वर्णन होतं, पण ताडून बघायला बरणीतला मासा मागं राहिला नव्हता. म्हणून कावेरीतल्या पाठीवर उंचवटा असलेल्या प्रचंड महसीरला लोक वर्षानुवर्षं हेच नाव लावत राहिले. घोड नदीतला मुसल्ला वेगळाच, हे उलगडल्यावर कावेरीतल्या त्या राक्षसाला स्वतःचं असं नाव उरलंच नाही. २०१८ मध्ये त्याची ओळख पटली, ‘टोर रेमादेवी’ म्हणून, आणि मगच त्याला नामशेष होण्याच्या कड्यावरच्या जातींच्या यादीत घालता आलं. ज्याला नाव नाही त्याला वाचवा म्हणून अर्ज तरी कुठल्या नावानं करणार? देवळालीला तुम्ही चिठ्ठी बरणीच्या आत टाकलीत ना, ती याचसाठी.

उठा, पार्सल निघालं. मासे ओल्या मलमलीत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात, डब्याला डाग देऊन झाकण बंद. भुसावळ, नागपूर करत गाडी हावड्याला लागते तेव्हा अंगाला दोन दिवसांची काजळी आणि केळाच्या सालींचा वास. पूल ओलांडून चौरंगीला या. ट्रामच्या घंटा, हातरिक्षांचे घुंगरू, दमट हवा, जी श्वासाबरोबर आत जाते आणि परत यायचं नाव घेत नाही. समोरच्या पांढऱ्या खांबांच्या वाड्याला बंगाली लोक जादूघर म्हणतात. आत खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांची ही गर्दी. बायका पोरांना कडेवर घेऊन इजिप्तच्या ममीभोवती दाटल्यात, कुणी हात जोडतंय. त्या गर्दीतून वाट काढत मागच्या दारानं आत शिरा, तिथं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं दफ्तर आहे. आत येताच वास बदलतो: स्पिरिट, जुना कागद, ओलसर लाकूड. छतापर्यंत कपाटं, कपाटांत बरण्या, बरण्यांत हजारो उघडे डोळे.

टेबलाशी सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांचं काम चालतं. होरा मूळचे पंजाबचे. डोंगरी ओढ्यांतले जीव कसे चिकटून राहतात यावर त्यांनी १९३० मध्ये मोठा प्रबंध छापलाय, आणि त्यात मासे आहेत तसे मे-माशीचे चपटे किडेही आहेत. दारणेत तुमच्या दोन हातांत जे होतं ते त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षं आहे.

त्यांच्याच शेजारच्या टेबलाशी तुम्हाला बसवू. पंखा बंद आहे, कारण वाऱ्यानं स्पिरिट उडून जातं आणि मासा वाळतो. म्हणजे घाम गाळत बसायचं. पांढऱ्या बशीत तुमचा दारणेतला मासा. रंग गेलाय, पण पर अजून पसरलेले. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात सुई. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजा. एकेका खवल्याच्या कडेला सुईचं टोक अडकतं, तेव्हा एक आकडा पुढं. मध्येच भुवईवरून घामाचा थेंब बशीत पडतो आणि तुम्ही विसरता. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा आकडा एकानं वेगळा येतो. तिसऱ्यांदा मोजा. मग पाठीच्या पराचे काटे, मग डोळ्याचा व्यास, डोक्याची लांबी, पितळी कंपासनं. दुपारपर्यंत एक मासा होतो. मानेत उसण भरते. वर्गीकरण म्हटलं की लोकांना वाटतं, कुणीतरी कोरड्या खोलीत बसून नावं बदलतंय. या खुर्चीत एक दुपार काढली की कळतं, की ही डोळ्यांची आणि पाठीची अंगमेहनत आहे, आणि दारणेत ओणव्या झालेल्या पोरापेक्षा ती फार वेगळी नाही.

आणि आता तीच अडचण. हा कुणाचा कोण? असाच खालच्या तोंडाचा, सपाट पोटाचा एक मासा ईशान्येकडच्या डोंगरांत आहे, ‘सायलोऱ्हिंकस’. पुणे-साताऱ्याच्या बाजूला घाटातल्या ओढ्यांत असाच मासा सापडला तेव्हा ॲनन्डेल साहेबांनी १९१९ मध्ये त्याला त्याच प्रजातीत घातलं. दोनच वर्षांनी तरुण होरांनी तो पुन्हा बघितला आणि त्याला तिथून बाहेर काढलं. दिसायला सायलोऱ्हिंकससारखा, पण तो नव्हे. म्हणून नाव दिलं ‘पॅरासायलोऱ्हिंकस’, म्हणजे त्याच्या शेजारचा. ॲनन्डेल हे सर्वेक्षणाचे पहिले संचालक, होरांचे वरिष्ठ. पण बशीतल्या माशापुढं हुद्दा चालला नाही, आणि या खोलीतली ही रीत मला फार आवडते.

देवळालीचा मासा या घाटावरच्या माशाशी ताडून बघा. जवळचा आहे, पण तो नव्हे. मळ्याशी ताडून बघा. मळ्याही नव्हे. भिंग, कंपास, बरण्यांच्या ओळी आणि दोन आठवडे यांतून गेल्यावर तुम्ही त्या जागी येता, जिथं भोयाचा म्हातारा एका बोटानं पोचला होता. फरक इतकाच, की आता ते लिहून निघेल. १९३८ च्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात देवळालीच्या माशांवरचा लेख येतो आणि त्यात दोन नव्या जाती आहेत. एक ‘पॅरासायलोऱ्हिंकस प्रेटेराय’, सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या नावानं. दुसरा एक छोटा खवल्या, फ्रेझरांच्या नावानं, आज ज्याला ‘पुंटियस फ्रेझेराय’ म्हणतात. ज्या हातानं ‘मळ्या न्हाई’ सांगितलं त्या हाताचं नाव कुठंही नाही. साइक्सच्या काळात भोयांचा निदान शब्द तरी नावात जायचा. याची चुटपुट मला लागते.

पुढचं भराभर पाहू. युद्ध आलं तसं कलकत्त्याचं हे भांडार बनारसला हलवलं, आणि १९४३ मध्ये तिथं वरुणा नदीला पूर आला. पाण्यातून काढून, पेन्सिलीनं चिठ्ठ्या लिहून, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या जिवांवर पुन्हा नदीचं पाणी आलं. माणसं कंबरभर चिखलात उभी राहून बरण्या उपसतायत, चिठ्ठ्या सुकवायला पसरतायत. चिठ्ठी आत असलेल्या बरण्यांचं नशीब बरं.

मग दशकं उलटतात. भिंगाच्या जागी रक्तामांसातली वंशावळ वाचणारी यंत्रं येतात आणि बशीतला प्रश्न परत टेबलावर येतो. उत्तर निघतं ते असं, की सायलोऱ्हिंकस हे वेगळंच कुळ. आपल्या माशाचं आणि त्याचं साम्य हे पाण्यानं घडवलेलं, रक्ताचं नव्हे. आपला मासा बसतो तो रोहूच्या मोठ्या घराण्यात, त्याच्याच एका फांदीवर, आणि त्याच घराण्यात मळ्याही आहे. मळ्या नव्हे, पण मळ्याचा भाऊबंद. मे-माश्यांच्या घरातही अशाच वाटण्या चालू आहेत. घाटातल्या ओढ्यांत राहणारा टेलोगॅनोडिडी हा गट आधी दुसऱ्या एका कुळाच्या पोटातली शाखा म्हणून ठेवला होता. १९९७ मध्ये त्याला वेगळं कुळ म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यात नवी नावं अजून पडतायत. कुणी दगड उलटवतंय, कुणी पाय मोजतंय, कुणी जुनी चिठ्ठी उजेडाला धरून वाचतंय.

इंग्रजीत या माशाला आता ‘देवळाली मिनो’ म्हणतात. जागतिक यादीत त्याच्यापुढं ‘अतिधोक्यात’ असा शेरा आहे.

परत चला, अजून दिवस मावळला नाही. दारणेच्या काठी बरण्या भरून झाल्यात, जुनेर बाभळीवर वाळत घातलंय. म्हातारा विडी शिलगावतो. धोब्याचे बैल परतीच्या वाटेला लागलेत. पोरानं सकाळी मडक्यात पाच मासे टाकले होते, बरणीत चारच गेलेत. “एक कुठं गेला रे?” तुम्ही विचारता. पोरगं मडकं उचलतं, पालथं करतं. सगळं पाणी खळ्ळकन वाळूत जातं. मासा पडत नाही. ते मडक्याच्या बुडावर थापट्या मारतं, हलवतं, आत तोंड घालून हाक मारतं. मग हसत मडकं तुमच्यापुढं धरतं. आत अंधारात, ओल्या मातीच्या भिंतीला, पर पसरून तो बसलाय.

“राहू दे तो,” म्हातारा म्हणतो. पोरगं पळत पाण्यात जातं, मडकं धारेत आडवं बुडवतं आणि तसंच धरून थांबतं.